वेब-नकाशावरील सीमा हलक्या करताना : टॉलरन्स, सामायिक रेषा आणि फटी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. महाराष्ट्राच्या ३५८ तालुक्यांचा पावसाचा नकाशा आपण लीफलेट या वेब-नकाशाच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत तयार केला आहे आणि त्यातील सीमांची जिओजेसन (बिंदूंचे अक्षांश-रेखांश मजकुरात लिहिणारी) फाइल सुमारे ४० एमबींची आहे. संगणकावर नकाशा अडखळत का होईना उघडतो, पण साध्या मोबाइलवर ब्राउझर हँग होतो. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधील ‘सिम्प्लिफाय’ (सुलभीकरण, म्हणजे सीमेवरचे बिंदू कमी करणे) वापरून फाइल लहान केल्यावर वेग वाढला. परंतु शेजारच्या तालुक्यांमध्ये पांढऱ्या फटी पडल्या आणि काही ठिकाणी एका तालुक्याचा रंग दुसऱ्यावर चढला. टॉलरन्स, म्हणजे सीमा मूळ जागेपासून किती सरकू द्यायची ती मर्यादा, किती ठेवावा, फटी कशा टाळाव्यात आणि यासाठी व्हेक्टर टाइलचा (नकाशाचे लहान चौकोनी तुकडे करून पुरवणारा) सर्व्हर उभारावा लागेल का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे असल्यामुळे ते आधी देतो : ३५८ तालुक्यांसाठी सर्व्हरची गरज नाही. नीट तयार केलेली एकच स्थिर फाइल हे काम आरामात करते. उरलेले दोन प्रश्न मात्र एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि त्यांच्याकडे केवळ फाइल लहान करण्याचे काम म्हणून पाहिले की गफलत होते. सुलभीकरण करताना आपण खरे तर नकाशाचे प्रमाण ठरवत असतो. हा नकाशा कोणत्या झूम पातळीपर्यंत पाहिला जाणार हे आधी ठरले, तर टॉलरन्सचा आकडा साध्या गणिताने निघतो. आणि सीमा ही दोन तालुक्यांची मिळून एकच रेषा आहे हे सॉफ्टवेअरला कळले, तर फटी पडायला कारणच उरत नाही.

प्रथम ब्राउझरचा वेळ कुठे खर्च होतो ते पाहू. फाइल उतरते, तिच्यातील मजकुराचे पार्सिंग होऊन (अर्थ लावला जाऊन) जावास्क्रिप्टच्या वस्तू तयार होतात, प्रत्येक अक्षांश-रेखांशाचे पडद्यावरील पिक्सेलमध्ये रूपांतर होते आणि मग रेखाटन होते. सर्व्हरवर जीझिप किंवा ब्रोटली (फाइल दाबून पाठवण्याच्या पद्धती) सुरू केले की यांपैकी पहिला टप्पा चांगलाच सुधारतो, कारण जिओजेसनचा मजकूर उत्तम दाबला जातो. परंतु फाइल उलगडल्यावर ब्राउझरच्या पुढ्यात पुन्हा तोच ४० एमबींचा मजकूर येतो. जिओजेसनमधला प्रत्येक बिंदू हा जावास्क्रिप्टमध्ये दोन आकड्यांचा एक स्वतंत्र ॲरे (यादी) होतो, आणि असे लाखो छोटे ॲरे मेमरीत सांभाळणे हे स्वस्तातल्या मोबाइलला जड जाते. शिवाय पार्सिंग मुख्य थ्रेडवर होत असल्याने तेवढा वेळ पान बोटाला दादच देत नाही. झूम बदलला की रूपांतर आणि रेखाटन हे दोन टप्पे पुन्हा होतात, आणि हालचाल सलग दिसायची तर प्रत्येक फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंदच हाती असतात. म्हणून फाइलचे वजन आणि बिंदूंची संख्या ही दोन मापे वेगवेगळी धरावीत. काही उपायांनी फक्त वजन घटते, काहींनी बिंदू घटतात, आणि आपल्याला दोन्ही हवे आहे.

केवळ वजन घटवणारा उपाय म्हणजे दशांश स्थळे कमी करणे. शेपफाइल या नकाशाच्या माहितीच्या स्वरूपातून थेट जिओजेसन काढली की अनेकदा प्रत्येक आकडा पंधरा दशांश स्थळांपर्यंत लिहिला जातो. जिओजेसनचे मानक असलेल्या आरएफसी ७९४६ या २०१६ च्या दस्तऐवजातच म्हटले आहे की सहा दशांश स्थळे म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटर. पाच स्थळे म्हणजे साधारण एक मीटर आणि चार स्थळे म्हणजे अकरा मीटर. तालुक्यांच्या रंगीत नकाशाला चार स्थळे पुरून उरतात. पंधरा स्थळांची एक जोडी मजकुरात अडतीस-चाळीस अक्षरे खाते, चार स्थळांची सतरा-अठरा. म्हणजे एकही बिंदू न काढता फाइल निम्म्यावर येते. या गोलाईकरणाने फटी पडत नाहीत, कारण दोन तालुक्यांतील एकाच बिंदूचा आकडा दोन्हीकडे सारखाच गोल होतो. तरीही हे काम सुलभीकरणानंतर करावे. आधी केले तर दाट रेषांमध्ये एकावर एक पडलेले बिंदू आणि सीमेने स्वतःलाच छेदण्याचे प्रकार वाढतात.

आता टॉलरन्स. गुगलपासून ओपनस्ट्रीटमॅपपर्यंत सगळीकडे जे वेब मर्केटर प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट पडद्यावर मांडण्याची रीत) वापरले जाते, त्यात २५६ पिक्सेलच्या टाइलनुसार शून्य झूमवर विषुववृत्ताशी एक पिक्सेल सुमारे १,५६,५४३ मीटरचा असतो. प्रत्येक झूम पातळीला हा आकडा निम्मा होतो, आणि अक्षांशाच्या कोसाइनने त्याला गुणावे लागते. पुणे-मुंबईच्या आसपास १९ अंश धरले तर झूम ६ वर एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे सुमारे २.३ किलोमीटर, झूम ७ वर १,१५६ मीटर, झूम ९ वर २८९ मीटर, झूम १० वर १४५ मीटर आणि झूम १२ वर ३६ मीटर. महाराष्ट्राची पूर्व-पश्चिम रुंदी आठशेहून अधिक किलोमीटर आहे. त्यामुळे ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर जवळपास अख्खे राज्य झूम ६ ला बसते. त्या क्षणी आपली मूळ फाइल काही मीटरमीटरवरचे बिंदू त्या मोबाइलला देत असते, आणि मोबाइल बिचारा शेकडो बिंदू एकाच पिक्सेलवर रंगवत बसतो.

यातून नियम असा निघतो की नकाशाची जी कमाल झूम पातळी आपण वापरकर्त्याला देणार, तिच्या पिक्सेलच्या अर्ध्याइतका टॉलरन्स ठेवावा. एक पूर्ण पिक्सेलही चालला असता, पण आजकालच्या मोबाइलच्या पडद्यांवर एका सीएसएस पिक्सेलमागे (वेबपानाच्या मोजमापातील पिक्सेलमागे) दोन ते तीन खरे पिक्सेल असतात, म्हणून अर्धा. तालुकावार पावसाचा नकाशा झूम १० च्या पुढे नेण्यात काहीच अर्थ नाही, कारण त्यापुढे वाचकाला दिसते ती फक्त एका रंगाची सपाट पाटी. तेव्हा कमाल झूम १० वर अडवावी आणि टॉलरन्स ७० मीटरच्या आसपास ठेवावा. झूम ८ पुरेशी असेल तर २५० ते ३०० मीटर चालतो आणि फाइल आणखी कितीतरी हलकी होते. ‘१० टक्के बिंदू ठेवा’ अशा टक्क्यांच्या सूचना आपल्याला ठिकठिकाणी वाचायला मिळतील, पण मला त्या पटत नाहीत. मूळ माहिती किती बारकाईने आखली गेली होती यावर त्या दहा टक्क्यांचा अर्थ अवलंबून असतो. मीटरमधला टॉलरन्स मात्र सगळीकडे एकच गोष्ट सांगतो. एकाच राज्यात रत्नागिरीचा खाड्या-खाड्यांचा किनारा आणि मराठवाड्यातली जमिनीवरची सीमा यांत बिंदूंची दाटी सारखी नसते, हेही त्यामागचे एक कारण आहे.

येथे एक सावधगिरी. लीफलेट २५६ पिक्सेलच्या टाइलने झूम मोजते, तर मॅपलिब्रे ही दुसरी नकाशा-लायब्ररी ५१२ पिक्सेलच्या टाइलने. म्हणून मॅपलिब्रेमधील झूम ६ म्हणजे लीफलेटमधील झूम ७. एका लायब्ररीसाठी काढलेला टॉलरन्स दुसऱ्यात जसाच्या तसा वापरला तर तो दुपटीने चुकतो.

टॉलरन्स बदलला की रेषेची लांबीही बदलते, हे विसरू नये. भारताच्या किनारपट्टीची लांबी वर्षानुवर्षे ७,५१६.६ किलोमीटर अशी शिकवली गेली आणि अलीकडच्या फेरमोजणीत ती ११,०९८.८१ किलोमीटर झाली. या वाढीचे मोठे कारण हे की जुनी मोजणी १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावर झाली होती आणि नवी १:२,५०,००० प्रमाणावर. बारीक खाड्या आणि वळणे मोजणीत आली. आपण टॉलरन्स वाढवतो तेव्हा हीच क्रिया उलट दिशेने करत असतो. म्हणून हलक्या केलेल्या फाइलवरून कुठल्याही तालुक्याची परिमिती काढू नये.

फटींकडे वळू. क्यूजीआयएसमधील नेहमीचे सिम्प्लिफाय साधन, अंतराची पद्धत निवडल्यास, डग्लस-प्यूकर पद्धतीने चालते. ही पद्धत उर्स रामर यांनी १९७२ मध्ये आणि डेव्हिड डग्लस व थॉमस प्यूकर यांनी १९७३ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. रेषेचे पहिले आणि शेवटचे टोक सरळ जोडायचे, त्या जोडरेषेपासून सर्वांत लांब असलेला बिंदू शोधायचा, तो टॉलरन्सपेक्षा लांब असेल तर ठेवायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हीच क्रिया पुन्हा करायची. नसेल तर मधले सगळे बिंदू टाकून द्यायचे. सुट्या रेषेसाठी, म्हणजे रस्त्यासाठी किंवा नदीसाठी, हे उत्तम आहे. तालुका हे मात्र बंद वलय आहे. त्याची सुरुवात कोणत्या बिंदूपासून होते हे फाइलमध्ये योगायोगाने ठरलेले असते, आणि कोणते बिंदू टिकणार हे त्या सुरुवातीवर अवलंबून असते. समजा, मुळशी आणि मावळ यांची सामायिक सीमा आहे. मुळशीचे वलय दक्षिणेकडच्या एखाद्या बिंदूपासून सुरू होते आणि मावळचे उत्तरेकडच्या. सॉफ्टवेअर दोन्ही वलये वेगवेगळी हाताळते, दोन्हींसाठी पायाभूत जोडरेषा वेगळ्या निघतात, आणि एकाच सीमेवर मुळशीसाठी एक बिंदू टिकतो तर मावळसाठी दुसरा. जिथे मुळशीची रेषा आत सरकते तिथे फट, जिथे बाहेर सरकते तिथे रंगावर रंग. आपल्याला दिसलेली दोन्ही लक्षणे याच एका कारणाची आहेत.

पद्धत बदलून हे पूर्ण सुटत नाही. महेश्वरी विश्वलिंगम आणि जे. डी. व्हायट यांनी १९९३ मध्ये मांडलेली पद्धत प्रत्येक बिंदूचा त्याच्या दोन शेजाऱ्यांसह होणारा त्रिकोण पाहते आणि सर्वांत लहान क्षेत्रफळाच्या त्रिकोणाचा बिंदू आधी काढते. हा निर्णय जवळच्या बिंदूंवरून होत असल्यामुळे सामायिक सीमेवर दोन्हीकडे बहुतेक वेळा सारखाच निकाल येतो. अडचण तीन तालुके जिथे मिळतात तिथे होते. तिथल्या बिंदूवर दोन तालुक्यांना ठळक कोपरा दिसतो, म्हणून तो टिकतो. तिसऱ्या तालुक्याला मात्र तीच जागा आपल्या जवळजवळ सरळ सीमेवरचा एक किरकोळ बिंदू वाटते आणि तो गळतो. मग त्या तिठ्यावर एक लांबट, सुईसारखी फट उघडते. पोस्टजीआयएस या भौगोलिक डेटाबेसमधील एसटी_सिम्प्लिफायप्रिझर्व्हटोपोलॉजी या फंक्शनचे नाव वाचून पुष्कळांचा असा समज होतो की ते फटी टाळते. ते फक्त एका पॉलिगॉनचा (बंद आकृतीचा) आकार वैध ठेवते. शेजाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही.

खरा उपाय म्हणजे पॉलिगॉनचे सुलभीकरण न करता सीमाखंडांचे करणे. दोन तिठ्यांच्या मधला सीमेचा तुकडा एकदाच साठवायचा, त्याची दोन्ही टोके जागेवर बांधून ठेवायची, मधले बिंदू कमी करायचे आणि मग त्या तुकड्यांपासून तालुके पुन्हा जोडायचे. तुकडाच एक असल्यामुळे दोन उत्तरे येण्याची सोय राहत नाही. यासाठी मी मॅपशेपर वापरतो आणि आपल्यालाही तेच सुचवतो. मॅथ्यू ब्लॉक यांचे हे मोफत साधन ब्राउझरमध्येही चालते आणि कमांड लाइनवरही. त्याची मूळ निवड विश्वलिंगम पद्धतीचे एक सुधारित रूप आहे, ज्यात टोकदार कोपऱ्यांना कमी महत्त्व दिले जाते. डग्लस-प्यूकर मोठ्या टॉलरन्सवर रेषेला काटेरी, करवती रूप देते, कारण ती पद्धत टोकेच जपते. सह्याद्रीच्या कड्यावरून जाणारी सीमा तिने हलकी केली की विजेच्या लोळासारखी दिसते. विश्वलिंगम पद्धतीत तीच सीमा हाताने काढल्यासारखी राहते. वाचकांनी पाहायच्या नकाशासाठी मी डोळे झाकून दुसरी पद्धत घेतो.

आपली माहिती पोस्टजीआयएसमध्ये असेल तर आवृत्ती ३.४ पासून, जीईओएस या भूमितीच्या लायब्ररीच्या ३.१२ आवृत्तीसोबत, एसटी_कव्हरेजसिम्प्लिफाय हे विंडो फंक्शन मिळते. ते सर्व तालुके एकत्र पाहते आणि सामायिक सीमा एकसारख्या ठेवते. बाहेरची सीमा जशीच्या तशी ठेवण्याचा पर्यायही त्यात आहे. मात्र त्याचा टॉलरन्स त्रिकोणाच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाशी निगडित असल्याने डग्लस-प्यूकरच्या अंतराशी त्याची थेट तुलना होत नाही. आपल्या पिक्सेलच्या हिशेबापासून सुरुवात करून निकाल डोळ्यांनी पाहून तो थोडा मागेपुढे करावा.

या दोन्ही साधनांची एक पूर्वअट आहे, आणि प्रत्यक्षात बहुतेकांचे घोडे इथेच अडते. सामायिक सीमा सामायिक आहे हे त्यांना तेव्हाच कळते, जेव्हा दोन्ही तालुक्यांतील बिंदू तंतोतंत जुळतात. जिल्हावार वेगवेगळ्या लोकांनी आखलेली माहिती नंतर एकत्र केली असेल, तर जिल्ह्यांच्या हद्दीवर दोन रेषा एकमेकींपासून काही सेंटिमीटर ते काही मीटर सुटलेल्या असतात. मूळ नकाशात ते दिसतही नाही. सॉफ्टवेअरच्या लेखी मात्र त्या दोन स्वतंत्र रेषा असतात आणि सुलभीकरणात त्या आपापल्या वाटेने जातात. फटी जिल्ह्याच्या आत नसून फक्त जिल्ह्यांच्या हद्दींवर दिसत असतील, तर हेच कारण समजावे. फाइल मॅपशेपरमध्ये उघडताना ‘स्नॅप’ हा जवळचे बिंदू जुळवणारा पर्याय चालू करावा. मोठी तफावत असेल तर स्नॅपचे अंतर स्वतः द्यावे, पण ते सर्वांत अरुंद खऱ्या आकारापेक्षा, उदाहरणार्थ अरुंद खाडीच्या रुंदीपेक्षा, पुष्कळच कमी असावे. त्यानंतर ‘क्लीन’ चालवून उरलेल्या सुईसारख्या फटी बुजवाव्यात. सुलभीकरणाची पट्टी सरकवल्यावर मॅपशेपर रेषा एकमेकींना छेदतात ती ठिकाणे लाल ठिपक्यांनी दाखवते आणि त्यांची संख्या लिहून दुरुस्तीचा पर्याय देते. ती संख्या शून्यावर आणल्याशिवाय फाइल निर्यात करू नये.

क्रमाबद्दल आणखी एक गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही. आपल्या नकाशावर तालुक्यांच्या पातळ रेषांवर जिल्ह्यांच्या जाड रेषाही असतील. जिल्ह्यांची फाइल वेगळी घेऊन ती वेगळी हलकी करू नये. आधी तालुके हलके करावेत आणि त्या हलक्या तालुक्यांनाच जिल्ह्याच्या संकेतांकावर ‘डिझॉल्व्ह’ करून (मधल्या सीमा पुसून) जिल्हे तयार करावेत, त्यावरून राज्य. असे केले की जाड रेषा पातळ रेषेवर अचूक बसते. उलट केले तर प्रत्येक जिल्ह्याच्या कडेने दोन समांतर रेषा धावताना दिसतात आणि नकाशा अव्यवस्थित वाटतो.

लहान आकार गायब होणे ही वेगळी अडचण आहे. मॅपशेपरमध्ये त्यासाठी ‘कीप-शेप्स’ आहे, पण तो तालुका नाहीसा होऊ देत नाही इतकेच. अनेक तुकड्यांच्या तालुक्यातला सर्वांत मोठा तुकडा वाचला की त्याचे काम झाले. घारापुरी बेट उरण तालुक्यात येते. उरणची मुख्य भूमी शिल्लक राहिली तर घारापुरी गळाल्याची तक्रार कीप-शेप्स करणार नाही. अखिल भारतीय नकाशात पुदुच्चेरीचे हेच होते : पुदुच्चेरी, कराईकल, यानम आणि माहे हे चार भाग तीन राज्यांच्या कुशीत विखुरलेले आहेत, आणि केरळच्या किनाऱ्यावरचे माहे सर्वांत आधी जाते. जे तुकडे राहायलाच हवेत, त्यांच्यासाठी बहुखंडी आकार आधी सुटे करावेत, कीप-शेप्ससह सुलभीकरण करावे आणि मग संकेतांकावर पुन्हा एकत्र करावेत. याउलट कोकण किनाऱ्यावरचे नाव नसलेले खडक आणि भरतीत बुडणारे ठिपके हे निव्वळ ओझे असते; किमान क्षेत्रफळाची अट घालून ते काढून टाकावेत. कोणता तुकडा ओझे आणि कोणता गरजेचा हे मात्र माणसानेच ठरवावे लागते.

एककांचा घोळ वारंवार होतो, म्हणून दोन वाक्ये त्यावर. माहिती ईपीएसजी ४३२६ मध्ये, म्हणजे साध्या अक्षांश-रेखांशांत, असेल तर क्यूजीआयएस आणि पोस्टजीआयएस टॉलरन्स अंशांत घेतात; तिथे मीटर समजून ७० लिहिले तर ७० अंशांच्या टॉलरन्समध्ये महाराष्ट्रच काय, अख्खा देश एका त्रिकोणात जातो. ७० मीटर म्हणजे अंदाजे ०.०००६५ अंश. यूटीएम या पट्ट्या-पट्ट्यांच्या, मीटरमधल्या प्रोजेक्शनमध्ये जावे तर राज्याचा बराचसा भाग ४३ उत्तर विभागात येतो, पण ७८ अंश पूर्व रेखांशापलीकडचा नागपूर-गडचिरोलीकडचा भाग ४४ मध्ये. सुलभीकरणासाठी सरळ वेब मर्केटर, म्हणजे ईपीएसजी ३८५७, वापरणे मला सोयीचे वाटते. त्यात कोसाइनचा गुणाकारही लागत नाही, कारण प्रोजेक्शनचा फुगवटा त्या मीटरमध्ये आधीच आलेला असतो. मॅपशेपर अक्षांश-रेखांशांची माहितीही मीटरमधल्या अंतराने हाताळते, म्हणून तिथे हा प्रश्नच येत नाही.

निर्यात कशात करावी? माइक बोस्टॉक यांचे टोपोजेसन हे स्वरूप सामायिक तुकडे एकदाच साठवते आणि आकड्यांऐवजी लहान पूर्णांकी फरक लिहिते, त्यामुळे फाइल जिओजेसनपेक्षा बरीच लहान होते. त्यातले क्वांटायझेशन, म्हणजे बिंदू एका जाळीच्या घरांवर बसवणे, मात्र बेताने निवडावे. दहा हजार घरांची जाळी महाराष्ट्राच्या रुंदीवर टाकली की एक घर ८०-९० मीटरचे होते, म्हणजे आपल्या ७० मीटरच्या टॉलरन्सपेक्षाही मोठे, आणि सीमा पायऱ्यापायऱ्यांची दिसू लागते. एक लाख घेतले की ते आठ-नऊ मीटरवर येते. हेही ध्यानात असू द्यावे की लीफलेटला देण्याआधी टोपोजेसनचे जिओजेसन करावेच लागते. म्हणजे उतरण्याचा वेळ वाचतो, रेखाटनाचा नाही.

फाइल निर्दोष असूनही लीफलेटमध्ये फटी दिसू शकतात, आणि आपण मॅपशेपर वापरल्यावर हा अनुभव बहुधा येईल, म्हणून आधीच सांगतो. लीफलेट स्वतःहून प्रत्येक झूमवर प्रत्येक पॉलिगॉनचे वेगळे सुलभीकरण करते. त्याचे नाव ‘स्मूदफॅक्टर’ आणि मूळ मूल्य १. आपण फाइल आधीच हलकी केलेली असल्याने ते शून्य करावे. त्यानंतरही केसासारखी रेष दिसली तर झूम वाढवून पाहावे : झूमबरोबर फट रुंदावत गेली तर दोष सीमेच्या माहितीत आहे, कितीही झूम केले तरी ती केसाएवढीच राहिली तर ती अँटीअलायसिंगमुळे आहे, म्हणजे कडेचा पिक्सेल दोन्ही बाजूंनी अर्धवट रंगल्यामुळे मागचा पांढरा रंग झिरपतो आहे. त्यावर प्रत्येक तालुक्याला त्याच्याच रंगाची अर्ध्या-एक पिक्सेलची कड दिली की काम होते.

रेखाटन एसव्हीजीने (प्रत्येक आकार पानावरचा वेगळा घटक) करावे की कॅनव्हासने (सगळे आकार एकाच चित्रात), या वादात ३५८ आकारांसाठी मला फारसे तथ्य वाटत नाही. एवढे घटक डॉममध्ये, म्हणजे ब्राउझरच्या पानाच्या रचनेत, सहज सामावतात. जड होती ती प्रत्येकाच्या आतली बिंदूंची लांबलचक माळ, आणि ती आपण आता कापली आहे. एसव्हीजीमध्ये बोट किंवा माउस कुठल्या तालुक्यावर आहे हे ब्राउझर स्वतः ओळखतो, कॅनव्हासमध्ये लीफलेटला ते दर वेळी मोजावे लागते. आकार हजारोंच्या घरात गेले की कॅनव्हास घ्यावा.

पावसाचे आकडे मात्र सीमांच्या फाइलमधून बाहेर काढावेत. आज ते तिच्यातच असल्यामुळे वाचकाला रोज सगळा भूगोल पुन्हा उतरवून घ्यावा लागतो. सीमा एकदा उतरून कॅशमध्ये राहाव्यात आणि रोजची फाइल फक्त संकेतांक व मिलिमीटर एवढीच असावी. जोडणी तालुक्याच्या नावाने न करता एलजीडी, म्हणजे लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीच्या संकेतांकाने करावी. एकाच गावाची दोन शुद्धलेखने हा आपल्याकडचा कायमचा आजार आहे आणि कर्जत तर रायगडातही आहे आणि अहिल्यानगरातही.

मूळ, संपूर्ण बिंदूंची फाइल जपून ठेवावी आणि कोणते ठिकाण कोणत्या तालुक्यात येते हे नेहमी तिच्यावरूनच ठरवावे. तेरेखोलचे उदाहरण घ्या. तेरेखोलचा किल्ला आणि गाव नदीच्या उत्तर तीरावर आहे, जमिनीने सिंधुदुर्गाला लागून आहे, तरी ते गोव्याच्या पेडणे तालुक्यात मोडते. महाराष्ट्राच्या फाइलमध्ये ते वेंगुर्ल्याच्या सीमेतील एका लहानशा खाचेच्या रूपात दिसते. टॉलरन्स थोडा वाढला की ती खाच बुजते आणि किल्ला महाराष्ट्रात येतो. रंगीत नकाशावर कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण पर्जन्यमापक केंद्रांचे अक्षांश-रेखांश याच हलक्या फाइलवर टाकून तालुका ठरवला, तर हद्दीजवळची केंद्रे शेजारच्या तालुक्यात जमा होतील आणि चूक आकड्यांत शिरेल. पुढे नकाशा देशभराचा करायचा झाला, तर भारताच्या बाह्य सीमेसाठी सर्व्हे ऑफ इंडियाने प्रसिद्ध केलेली सीमाच वापरावी, असे २०२१ ची भूस्थानिक माहितीविषयक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. बाह्य रेषेवर टॉलरन्स लहानच ठेवावा आणि ती निर्यातीनंतर स्वतः निरखून पाहावी.

वेग सुधारला की नाही हे आपल्या चांगल्या संगणकावर ठरवू नये. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधील परफॉर्मन्स पॅनेलमध्ये सीपीयू चारपट मंद करून जुनी आणि नवी फाइल नोंदवावी. पार्सिंगचा पट्टा लांब असेल तर अजून वजन जास्त आहे. झूम करताना रेखाटनाचे पट्टे लांब असतील तर अजून बिंदू जास्त आहेत.

व्हेक्टर टाइलची वेळ येईल ती आपण गावांच्या पातळीवर उतरलात तर. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून अधिक गावे आहेत आणि ती कितीही हलकी केली तरी एका फाइलमध्ये मोबाइलला देण्यासारखी नाहीत. तेव्हा टिपेकनू हे साधन वापरून टाइल तयार कराव्यात, सामायिक सीमा जपण्याचा पर्याय चालू ठेवावा आणि गावांची लेअर झूम १० च्या आधी दाखवूच नये. टिपेकनू एका टाइलला मुळात ५०० केबींची मर्यादा घालते. ती ओलांडली की दाटीतले आकार गाळण्याचे किंवा शेजाऱ्यात मिसळण्याचे पर्याय आहेत. हे दोन्ही बिंदूंच्या नकाशासाठी ठीक आहेत, रंगीत नकाशासाठी घातक : पहिल्यात गावाच्या जागी भोक पडते, दुसऱ्यात एका गावाचा आकडा दोघांच्या नावावर दिसतो. लहान झूमवर तालुके आणि मोठ्या झूमवर गावे अशी विभागणी केली की त्यांची गरजच पडत नाही. तयार टाइल पीएमटाइल्स या एकाच फाइलमध्ये बांधून साध्या होस्टिंगवर ठेवता येतात, मॅपलिब्रे त्यातला हवा तेवढाच तुकडा मागवते, आणि तिथेही वेगळा सर्व्हर लागत नाही; होस्टिंग घेण्यापूर्वी ते एचटीटीपी रेंज रिक्वेस्टला (फाइलचा ठरावीक तुकडाच मागणाऱ्या विनंतीला) उत्तर देते का, एवढे मात्र विचारून घ्यावे.